खिशांतील चाकूचे दोष : सुधारणारे व न सुधारणारे

बैल घ्यावयाचा असला म्हणजे आमचा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि एवढ्यानेंही समाधान न झाल्यास गांवांतील जाणत्या माणसास बरोबर नेतो. नांगराच्या फाळाची किंवा विहिरीवरील पंपाची पारखही तो अशाच सावधपणें करितो. खिशांतील चाकूची खरेदी मात्र आठवड्याच्या बाजारीं, एस. टी. ची वाट पाहतां पाहतां, दोन मिनिटांत उरकते. दुकानदार कांचेच्या पेटींतून पांचसात चाकू काढून मांडतो. त्यांतला जो अधिक चकाकतो, किंवा ज्याला अधिक अवजारें जोडलेलीं दिसतात, तो पसंत पडतो. पुढें तोच चाकू वर्षानुवर्षें सुतळी कापतो, ठिबकची नळी तोडतो, खताच्या पोत्याचें तोंड उघडतो, जनावराच्या मानेस आवळलेलें दावें सोडवितो, आणि बागाइतदाराच्या घरीं असला तर कलमाची काडीही तासतो. वस्तु लहान व किंमत थोडी म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतें. परंतु शेतकामाच्या सर्व अवजारांत बोटांच्या इतक्या जवळ चालणारें दुसरें अवजार नाहीं.

चाकूचे दोष दोन जातींचे असतात. कांहीं दोष निसण्यावर किंवा तेलाच्या चार थेंबांनीं घरच्या घरीं नाहींसे होतात. कांहीं मात्र चाकू घडवितांनाच त्यांत शिरलेले असतात, व ते चाकूबरोबरच जातात. गिऱ्हाइकाची गंमत अशी कीं, पहिल्या जातीचा दोष दिसतांच तें चाकू खालीं ठेवतें, आणि दुसऱ्या जातीचे दोष असलेला चाकू संतोषानें घरीं नेतें. म्हणून कोणत्या दोषाकडे काणाडोळा करावा आणि कोणता दोष दिसतांच दुकानाबाहेर पडावें, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम धार घ्या. दुकानांत बहुतेक लोक धारेवर अंगठा आडवा फिरवून पाहतात व ती बोथट वाटली कीं चाकू नापसंत करितात. कारखान्यांतून आलेली धार चांगली असो वा वाईट, रोज काम करणाऱ्याच्या हातीं ती फार दिवस टिकत नाहीं. त्यानंतर जी चालते ती आपण लावलेली धार. बोथटपणा हा दोष नव्हे, तें अर्ध्या घटकेचें काम आहे. दुसरी नापसंती पात्याच्या काळसर रंगाची. साध्या पोलादाचें पातें कैरी, लिंबू किंवा कांदा कापतांच काळवंडतें. हा काळा डाग आणि तांबडा गंज एक नव्हेत. तांबडा गंज पोलाद खात जातो; काळसर थर उलट त्याला थोडेंसें झांकणच घालतो. घरांत कोणी वापरलेला असा काळा पडलेला चाकू मिळाला, तर त्याच्या रंगावरून त्याची किंमत करूं नये.

तिसरी तक्रार चाकू घट्ट उघडतो अशी असते. नव्या चाकूच्या सांध्यांत पुष्कळदां घांसण्याची पूड अडकलेली असते. सांधा कोमट पाण्यानें धुवावा, पूर्ण वाळवावा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून चाकू चाळीस-पन्नास वेळां उघडझांक करावा. येथें एक सूचना अगत्याची आहे. घरांत हाताशीं असतें म्हणून जवसाचें किंवा करडईचें तेल सांध्यांत घालूं नये. हीं तेलें हवेनें वाळून चिकट होतात व सांधा पूर्वीपेक्षांही घट्ट बसतो. लांकडी मुठीचे चाकू पावसाळ्यांत आंवळतात तें निराळ्या कारणानें. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० सालीं काढलेला, बीच लांकडाच्या मुठीचा साधा चाकू आज जगभर शेतकरी वापरतात. त्याचेंही लांकूड ओलाव्यानें फुगतें व पातें बाहेर येईनासें होतें. तिकडचे लोक मुठीचें मागचें टोंक एखाद्या टणक वस्तूवर हलकेंच आपटतात, म्हणजे पातें थोडें वर येऊन बोटांत धरतां येतें. कोंकणांतील आषाढ-श्रावणांत ही युक्ति वारंवार करावी लागेल हें खरें, पण तेवढ्यासाठीं चाकू टाकाऊ ठरत नाहीं.

आतां न सुधारणारे दोष. त्यांचें मूळ बहुधा एकाच ठिकाणीं असतें, आणि तें म्हणजे पातें ज्या खिळीवर फिरतें तो सांधा. चाकू पुरता उघडावा, मूठ डाव्या हातांत घट्ट धरावी, आणि पात्याची पाठ उजव्या हाताच्या दोन बोटांत फडक्यानें धरून तें उजवीकडे-डावीकडे हलवून पाहावें. नव्या चाकूचें पातें डुलतां कामा नये. जें दुकानांत केसभर डुलतें तें वर्षभरांत गव्हाभर डुलेल, कारण प्रत्येक कापाबरोबर खिळीचें भोंक झिजतच असतें. खिळीच्या जागीं स्क्रू असेल आणि तो आवळल्यानें डुलणें थांबत असेल, तर हा दोष पहिल्या जातीचा समजावा. ठोकून बसविलेली खीळ मात्र पुन्हां नीट आवळणें सामान्य कारागिराचें काम नव्हे. आमचे लोहार गाडीच्या कमानीच्या पोलादाचा उत्तम कोयता करितात. परंतु मिटत्या चाकूचा सांधा त्यांच्याकडे नेला कीं बहुधा एकतर तो जाम होतो किंवा तसाच राहतो.

त्याच सांध्यापाशीं आणखी दोन गोष्टी पाहावयाच्या. चाकू मिटल्यावर पात्याचें टोंक मुठीच्या कडेखालीं पूर्णपणें गेलेलें असावें. मुठीच्या फटीवरून बोट फिरवितांच टोंक लागत असेल, तर तो चाकू खिसा फाडील आणि किल्ली काढावयास घातलेलें बोटही कापील. दुसरें, चाकू कमानीच्या जोरानें फटकन मिटूं द्यावा आणि मग उघडून धार उजेडांत धरावी. धारेवर एखाद्या जागीं बारीक चकाकणारा ठिपका दिसला, तर तेथें धार आंतील कमानीवर आपटते असें समजावें. कितीही धार लावली तरी ती जागा दर वेळीं चेपणार. अशा चाकूची घडणच चुकलेली असते.

सांध्याच्या पुढचा प्रश्न पातें उघडें कसें राहतें हा. जुन्या पद्धतीच्या चाकूंत पाठीमागील कमान पात्याला नुसती दाबून धरते. पाठीवर जोर पडला कीं पातें मिटतें. तेवढ्यावरून हे चाकू धोक्याचे आहेत असें मात्र कोणी समजूं नये. कापतांना जोर धारेकडून येतो व तो पात्याला उघडें राहण्याच्याच दिशेनें रेटतो. धोका येतो तो टोंकानें भोसकतांना, भोंक पाडतांना, किंवा लांकडांत अडकलेलें पातें मागें ओढून काढतांना. त्या वेळीं मिटणारें पातें थेट मुठीभोंवतीं वळलेल्या बोटांवर येतें. तर्जनीच्या आंतल्या बाजूस सांध्यापाशीं झालेली खोल जखम बोट वांकविणारी कंडरा तोडूं शकते, आणि तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेवांचून जुळत नाहीं. शिवाय शेतकऱ्याच्या चाकूस माती व शेण लागलेलें असणारच, तेव्हां अशी जखम झाल्यावर धनुर्वाताच्या सुईचीही चौकशी करावी लागते.

याकरितां पुष्कळ चाकूंना अडणी असते. अडणीचे प्रकार निरनिराळे आहेत. कांहींत मुठीच्या पाठीवर दाबावयाची पट्टी असते. कांहींत आंतील पातळ पत्रा आडवा सरकून पात्याच्या बुडाशीं येतो. ओपिनेलच्या चाकूवर फिरतें कडें असतें, तें १९५५ सालीं बसविण्यांत आलें. प्रकार कोणताही असो, परीक्षा एकच. चाकू उघडून अडणी बसवावी, मूठ अशी धरावी कीं पातें मिटलें तरी कोणतेंही बोट त्याच्या वाटेंत येणार नाहीं, आणि पात्याची पाठ लांकडी फळीवर दोनतीनदां हलकेंच ठोकावी. अडणी सुटली तर तो चाकू तेथेंच सोडावा. आमच्या मतें सुटणाऱ्या अडणीचा चाकू हा अडणीच नसलेल्या चाकूपेक्षां वाईट, कारण अडणी नसलेल्या चाकूशीं माणूस जपून वागतो, आणि फसव्या अडणीवर तो भरंवसा टाकतो. आंतील पत्र्याच्या अडणींत आणखी एक खोड आहे. ती सोडवितांना अंगठा पात्याच्या वाटेंत ठेवावा लागतो, आणि बहुतेक कारखाने ती उजव्या हातासाठींच बनवितात. डावऱ्या माणसानें पाठीवरची पट्टी किंवा कडें पसंत करावें.

बटन दाबतांच पातें उडून बाहेर येणारे चाकू तरुण मंडळींस फार आवडतात. शेतांत त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. त्यांतील यंत्र मातीनें लवकर बिघडतें, आणि वांकून काम करतांना बटन दबल्यास पातें खिशांतच उघडतें. शिवाय १९५९ च्या शस्त्र-कायद्याखालील नियमांत शेतकीच्या कामासाठीं बनविलेल्या अवजारांस सूट असली, तरी बटनाचा चाकू शेतकीसाठींच आहे हें पोलिसांस पटवून देणें कोणासही जड जाईल.

पोलादासंबंधीं बाजारांत जितका गोंधळ आहे तितका दुसऱ्या कशासंबंधींही नाहीं. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं क्रोमियम मिसळून गंज न धरणारें पोलाद केलें, तेव्हांपासून ‘स्टेनलेस’ हा शब्द पात्यावर कोरला कीं माल उत्तम अशी समजूत रूढ झाली. त्या शब्दानें एवढेंच कळतें कीं, पोलादांत सुमारें शेंकडा साडेदहा किंवा अधिक क्रोमियम आहे. त्यास पाणी कसें दिलें आहे, म्हणजे तापवून विझवितांना व पुन्हां उबवितांना कारखानदारानें काळजी घेतली कीं नाहीं, हें त्या शब्दांत नाहीं. आणि धार टिकणें न टिकणें बऱ्याच अंशीं त्यावर अवलंबून आहे. खिशांतील चांगल्या चाकूंचीं पातीं रॉकवेलच्या ‘सी’ मापानें सामान्यतः ५४ ते ६० पर्यंत कठीण असतात. त्याहून मऊ पातें धार धरीत नाहीं. फार कठीण असलें तर गांठीवर धारेचा कपचा उडतो, आणि घरच्या निसण्यास तें दाद देत नाहीं. साधें पोलाद कीं गंज न धरणारें, हा वाद ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणें सोडवावा. साध्या पोलादास धार लवकर व बारीक लागते. मात्र त्याला रोज पुसावें लागतें. ज्याला ही संवय नाहीं त्यानें दुसरें घ्यावें.

विकत घेतांना पाणी चांगलें असलेलें पातेंही पुढें बिघडतें तें बहुधा दोन कारणांनीं. फिरत्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवीत धार लावली म्हणजे धारेची कड तापून निळी पडते. निळा रंग म्हणजे पोलाद तीनशें अंशांच्या आसपास तापलें, तेथील पाणी उतरलें. दुसरें कारण, निर्जंतुक करण्यासाठीं पातें चुलींत किंवा दिव्याच्या ज्योतींत धरणें. त्यानेंही तेंच होतें.

पात्याच्या घडणींत सर्वांत नडणारा दोष जाडपणा होय. जाड पातें मजबूत दिसतें, म्हणून तें विकलें जातें. परंतु चाकूनें कापावयाचें असतें, पाचरीसारखें फाडावयाचें नसतें. पाठीकडून धारेकडे पातें कसें उतरत जातें तें टोंकाकडून डोळ्यासमोर धरून पाहावें. उतार धारेपर्यंत सरळ जावा. धारेजवळ येऊनही जाडी तशीच राहून शेवटीं एकदम बुटकी धार काढलेली असेल, तर असें पातें बटाटा चिरतांना तो फोडतें आणि सुतळी कापतांना हातास हिसके देतें. निसण्यावर घांसून हें सुधारेल असें वाटतें. प्रत्यक्षांत तितकें पोलाद काढण्यास दिवसच्या दिवस जातात.

अर्ध्या पात्यास करवतीसारखे दांते असलेले चाकू हल्लीं पुष्कळ येतात. नायलॉनचा दोर व ओलें काथ्याचें दावें कापण्यास दांते चांगले, हें मान्य केलें पाहिजे. पण ते साध्या निसण्यावर पाजळत नाहींत, आणि मुठीजवळचा जो भाग हाताच्या पूर्ण ताब्यांत असतो तोच दांत्यांनीं व्यापलेला असतो. दोर कापण्यासाठीं घरांत विळा असतोच.

कलमें करणाऱ्यानें तर असा चाकू हातांतही धरूं नये. कलमाचें यश दोन कापांतील सालीखालचा वाढता थर एकमेकांस टेंकण्यावर असतें. काप एका ओढींत, सपाट व गुळगुळीत झाला पाहिजे. बोथट किंवा दांतेरी पात्यानें काडीच्या पेशी चिरडतात, कापावर लाटा उमटतात, मधल्या फटींत हवा राहते, आणि आंब्याचें कोय कलम असो वा द्राक्षाच्या खुंटावर भरलेली काडी असो, ती वाळून जाते. मग दोष हवेस, काडीस किंवा माळ्यास दिला जातो. खास कलमाच्या चाकूचें पातें एका बाजूस पूर्ण सपाट असून दुसऱ्याच बाजूस धारेचा उतार असतो. हा उतार उजव्या व डाव्या हातासाठीं निरनिराळ्या बाजूंस असतो, हें मागतांना सांगावें. धार लावतांना उतार तेवढाच घांसावा. सपाट बाजू निसण्यावर पालथी टेंकवून उलटलेली कड तेवढी काढावी. डोळे भरण्याच्या चाकूस साल उचलण्यासाठीं बोथट पट्टीही असते; ती पितळेची अथवा प्लॅस्टिकची असली तरी चालेल, पण तिची कड खरबरीत नसावी. ज्या चाकूनें ठिबकची धुळकट नळी किंवा सिमेंटचें पोतें कापलें, त्यानेंच संध्याकाळीं कलम करूं नये. धुळींतील वाळूचे कण पोलादाहूनही कठीण असतात व एका कापांत धार घालवितात. एकच चाकू बाळगावयाचा असल्यास दोन पात्यांचा घ्यावा, व एक पातें कलमासाठींच राखून ठेवावें.

बागाइतदारानें एवढेंही पाहावें कीं, चाकू धुवून स्वच्छ करतां येतो कीं नाहीं. डाळिंबाचा तेल्या रोग जिवाणूंमुळें होतो व छाटणीच्या अवजारांनीं झाडावरून झाडावर जातो. लिंबूवर्गीय फळझाडांत एक्सोकॉर्टिस नांवाचा रोग तर चाकूवाटेंच रोपवाटिकेभर पसरतो. त्याचें कारण असलेला व्हायरॉइड स्पिरिटनें किंवा ज्योतीनें खात्रीनें मरत नाहीं, त्यास सोडियम हायपोक्लोराइटचेंच द्रावण लागतें. हें द्रावण साध्या पोलादास फार लवकर गंजवितें. म्हणून संत्र्या-मोसंबीच्या रोपवाटिकेंत गंज न धरणारें पातें घेणें शहाणपणाचें, आणि तेंही काम संपतांच साध्या पाण्यानें धुवून पुसावें. ज्याच्या मुठीची फट एका बाजूनें बंद असून आंतला मळ काडीनेंही निघत नाहीं, असा चाकू इतर बाबतींत कितीही चांगला असला तरी अशा बागेंत नको.

मूठ, आकार व जोडअवजारें यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. बुचें काढण्याचा मळसूत्री कांटा, डबे फोडण्याचें पातें, कात्री, कानस, अशा दहा वस्तु एका मुठींत कोंबल्या कीं मूठ हातांत न मावण्याइतकी जाड होते व कापण्याचें पातें नेमकें कडेला जातें. बोटांसाठीं खळगे पाडलेली मूठ एकाच धरण्यास सोयीची असते. कलम करतांना चाकू तीन प्रकारें धरावा लागतो. गुळगुळीत प्लॅस्टिकची मूठ ओल्या हातांतून सुटते. नख अडकविण्याची खांच उथळ असेल तर चिखलाच्या हातांनीं चाकू उघडत नाहीं. दुकानांतच बोटें ओलीं करून एकदां उघडून पाहावा, दुकानदार हंसला तरी हरकत नाहीं. खिशास अडकविण्याची पट्टी शहरांत सोयीची असेल, गोणी उचलणाऱ्याच्या कमरेस ती धाग्यांत गुंततेच.

शिक्क्यावर किती विसंबावें? शेफील्डच्या चाकू करणाऱ्यांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला व कारागिरांचीं चिन्हें त्याच्या दप्तरीं नोंदलीं जाऊं लागलीं. तरीही जर्मनींतील हलक्या मालावर शेफील्डचें नांव इतक्या सर्रास पडूं लागलें कीं, १८८७ सालीं इंग्लंडास त्यासाठीं मालाच्या चिन्हांचा कायदा करावा लागला. पुढें जर्मनींतील सोलिंगेन गांवाचें नांवच एवढें मोठें झालें कीं, तें दुसऱ्यांनीं वापरूं नये म्हणून १९३८ सालीं जर्मनीसही कायदा करावा लागला. तात्पर्य, जें नांव मोठें त्याचीच नक्कल होते. पात्यावर नांव खोल व स्वच्छ उमटलेलें असावें, पोलादाची जात कोठें तरी लिहिलेली असावी, आणि पावती मिळावी. याहून अधिक शिक्क्याकडून अपेक्षूं नये.

एक परीक्षा दुकानांत करतां येत नाहीं, म्हणून चाकू आठ दिवसांच्या बोलीवर घ्यावा. घरीं आणल्यावर पितळेची पेन्सिलीएवढी सळई पाटावर बसवावी, चाकूस धार लावावी, आणि धारेची कड सळईवर तिरपी टेंकून हलका दाब देत ओढावी. उजेडांत पाहिलें म्हणजे दाबाखालीं कड किंचित् वांकलेली दिसते. दाब काढतांच ती सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. वांकलेली तशीच राहिली तर पोलाद मऊ. तो चाकू परत करावा. कड कपच्यासारखी उडाली तर मात्र घाई करूं नये. कारखान्यांत धार काढतांना वरचा केसभर थर तापून बिघडलेला असूं शकतो व खालीं चांगलें पोलाद असतें. निसण्यावर दोनतीनदां धार काढून तो थर घालवावा व सळईची परीक्षा पुन्हां घ्यावी. तेव्हांही कपचा उडाला, तर पावती घेऊन आठ दिवसांच्या आंत दुकान गांठावें.